पाच खिळ्यांचा शब्द

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका सद्गृहस्थांनी लिहिलंय की मराठी पेपरात हे इंग्रजी शब्दांचं कोडं कशाला, पाच लेटरचा शब्द शोधा, त्यात आर पाहिजे, ए पाहिजे, टी नको, असलंच छापायचं असेल तर आम्ही सरळ इंग्रजी पेपर घेतो की. वाचता वाचता माझा चहा गार झाला. त्यांची तळमळ कळते हो, मीही मराठीवरच पोट भरलेला माणूस आहे. पण ते कोडं बंद करा असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही, म्हणून हे लिहितोय, मोबाईलवर एका बोटाने टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आयुष्यभर दुसऱ्यांची प्रुफं दुरुस्त केली, स्वतःचं लिहिलेलं मात्र कधी तपासता आलं नाही.

मी कंपोझिटर. म्हणजे होतो. १९७१ साली गिरगावातल्या एका छापखान्यात चिकटलो तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं, आणि ऑफसेट-डीटीपी येऊन आमच्या केसेस भंगारात जाईपर्यंत खिळेच जुळवत होतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. आताच्या पोरांना खिळा म्हटलं की भिंतीतला आठवतो, म्हणून सांगतो, खिळा म्हणजे शिशाचा लांबट तुकडा आणि त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. असे हजारो खिळे लाकडी केसमधे घराघरांत पडलेले असायचे, एका हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, धरायची आणि दुसऱ्या हाताने न बघता उचलत जायचं. इंग्रजीच्या दोन केसेस, वरची कॅपिटलची आणि खालची छोट्या अक्षरांची. कॉम्प्युटरवाले आज अप्पर केस लोअर केस म्हणतात ना, ते याच लाकडी केसवरून आलेलं नाव आहे.

तर त्या खालच्या केसमधे सगळ्यात मोठं घर ई चं, आणि तेही बरोबर हाताखाली, मधोमध. झेड, क्यू, जे, एक्स ही मंडळी कडेला, आगपेटीएवढ्या घरात. का ते कुणी शिकवलं नाही आम्हाला. पण एकदा एका कंपनीचा इंग्रजी अहवाल चालू होता, दहा पॉइंटमधे, शेवटची दोन पानं राहिली आणि ई संपले. सगळं आहे, ई नाही. फोरमनने मला सायकलवरून शेजारच्या गल्लीतल्या प्रेसमधे पिटाळलं, पसाभर ई उसने आण म्हणून. ते मिळाले, रुमालात बांधून आणले, स्टिकमधे लावले तर त्यांचं वळण थोडं निराळं निघालं, प्रूफवर ते ई पाहुण्यांसारखे अंग चोरून उभे. शेवटी एक जुना फॉर्म, म्हणजे छापून झालेलं जुळवलेलं पान, सोडून खिळे परत घरात टाकले आणि रात्री साडेनऊला काम उरकलं. त्या दिवसापासून इंग्रजीत ई किती लागतो हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

हे माझं एकट्याचं ज्ञान नाही बरं का. तारेची कट्ट-कडकट्ट लिपी बनवली ना मोर्सने, त्याच्या वेळी हाच प्रश्न होता की कुठल्या अक्षराला सगळ्यात छोटी खूण द्यायची. मग हिशेब घेतला तो छापखान्यातल्या खिळ्यांचा. छापखानेवाले कुठलं अक्षर किती ठेवतात, त्यावरून. ई १२,०००, टी ९,०००, मग ए, आय, एन, ओ, एस प्रत्येकी ८,०००, असं उतरत उतरत क्यू ५०० आणि झेड फक्त २००. म्हणून मोर्समधे ई म्हणजे नुसता एक ठिपका. आमच्याच धंद्यातल्या लोकांनी घरं भरून ठेवलेले खिळे मोजून जगाची तारयंत्रणा उभी राहिली, पण कंपोझिटरचं नाव कुठे येत नाही, असो.

आता पाच लेटरच्या खेळाकडे येतो. माझी नात ठाण्याला राहते, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने मला हा खेळ मोबाईलवर लावून दिला. वर्डल. रोज एक शब्द, पाच लेटरचा, सहा प्रयत्न. तुम्ही एक शब्द टाकायचा, लेटर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर करडं. जगभर सगळ्यांना त्या दिवशी तोच शब्द. जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनीअरने बनवला, मूळचा वेल्सचा, राहायला तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधे, आणि बनवला तो स्वतःच्या जोडीदारणीसाठी, तिला शब्दांचे खेळ आवडतात म्हणून. तिचं नाव पलक शहा. नाव वाचून माझे कान टवकारले. इंग्रजीतले पाच लेटरचे बारा-एक हजार शब्द होते, त्यातले बरेचसे आपण जन्मात ऐकले नसतील असे, तर या बाईंनी एकेक शब्द बघून माहितीचा, बिनमाहितीचा असं वेगळं केलं आणि साधारण अडीच हजार शब्द ठेवले. सुरुवातीला उत्तर यायचं ते या निवडलेल्यातून. तांदूळ निवडल्यासारखं काम आहे हे, आणि मला विचाराल तर खेळ चालला तो या निवडण्यामुळे. २०२१ च्या १ नोव्हेंबरला तो खेळणारे ९० जण होते, दोन महिन्यांत तीन लाख झाले, आणि जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो दहा लाख डॉलरच्या पुढची रक्कम मोजून विकत घेतला. एका पेपरने, संपादक साहेब. शब्दाच्या कोड्यासाठी.

मला वाटलं आपण तर यात राजे. ई माहितीये, टी माहितीये, आयुष्य गेलंय. आणि पहिले पंधरा दिवस सपाटून मार खाल्ला. नात दोन-तीन प्रयत्नांत सोडवायची, मी पाच-सहात, कधी कधी नाहीच. कारण काय तर माझे हात टी-एच, टी-एच करत होते. छापखान्यात टी आणि एच धडाधड संपायचे ते कशाने, तर इंग्रजीत दर ओळीला दोनदा येणाऱ्या 'द' मुळे. टी-एच-ई. पण तो तर तीन लेटरचा शब्द, पाच लेटरच्या यादीत तो येणार कुठून! तिथे नुसते शब्द, प्रत्येक शब्द एकदाच. त्यामुळे पुस्तकातली मोजणी वेगळी आणि शब्दकोशातली मोजणी वेगळी. या खेळाच्या उत्तरांत ई पहिलाच, पण त्याच्यामागे ए, मग आर, मग ओ, टी, एल अशी रांग, एच बिचारा बराच मागे. आणि एस ची गंमत बघा, एस ने सुरू होणारे शब्द सगळ्यात जास्त, पण शेवटी एस फारसा येत नाही कारण साधी अनेकवचनं उत्तरात ठेवत नाहीत. शेवटी ई, नाहीतर वाय. हे एवढं डोक्यात बसलं आणि माझी गाडी रुळावर आली.

सुरुवातीला कुठला शब्द टाकायचा यावर लोक भांडतात. बरेच जण अडियू टाकतात, ए-डी-आय-ई-यू, चार स्वर एका दमात. मला ते पटत नाही, स्वर कळले तरी हाडं कळत नाहीत, शब्द उभा राहतो व्यंजनावर. क्रेन, स्लेट हे जास्त कामाचे, गणितवाल्या मंडळींनीही कॉम्प्युटरवर हिशेब करून तसेच शब्द वर काढलेत. पण माझा आणि नातीचा ठरलेला शब्द निराळाच आहे. ठाणे. थट्टा नाही करत. टी-एच-ए-एन-ई, स्कॉटलंडमधे जुन्या काळी सरदाराला थेन म्हणायचे, त्याचं स्पेलिंग अगदी आपल्या ठाण्याचं, आणि खेळ तो शब्द घेतो. ए, ई, टी, एन चार कामाची लेटरं, एच फुकट जातो, पण जाऊ दे, नातीचं गाव आहे. एकदा ठाणे टाकलं आणि शेवटची तीन हिरवी आली, ए-एन-ई. मी क्रेन टाकलं, चूक, मग प्लेन. तीनमधे. नातीने आधी प्लेन टाकून दोनमधे काढलं आणि दिवसभर मला व्हॉट्सॲपवर हिरवे चौकोन पाठवत बसली.

यावरून आम्हाला एक नवीन नाद लागला, स्टेशनांचा. सीएसएमटीहून स्लो लोकलने ठाण्यापर्यंत पाच लेटरची स्टेशनं किती, सांगा. परळ, दादर, कुर्ला, नाहूर, ठाणे. बरोबर पाच. नाहूर कुणाच्या लक्षात येत नाही, तिथे उतरणाऱ्यांच्या सुद्धा. सायन चारातच संपतं, भायखळा सातावर जातं. वेस्टर्नवर दादर परत, मग माहीम, मालाड आणि थेट विरार. दुपारच्या रिकाम्या लोकलमधे आम्ही दोघं समोरासमोर बसून हे करत होतो तर शेजारच्या बाई म्हणाल्या, काका, वसई? मी म्हटलं बोर्डावर वसई रोड आहे, बाद. त्या नायगाव येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

असो, मुद्द्यावर येतो. या खेळातला खरा चकवा कुठे असतो ते सांगतो कारण तुमच्या कोड्यातही तो येतो आणि तुम्ही त्याची फोड छापत नाही. समजा दुसऱ्या प्रयत्नात शेवटची चार हिरवी आली, आय-जी-एच-टी. वाटतं जिंकलो. आणि मग लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, फाइट, शिवाय एट. आठ झाले आणि हातात चार प्रयत्न. एकेक टाकत गेलात तर नशिबाचा खेळ. अशा वेळी उत्तर होणारच नाही असा शब्द मुद्दाम टाकायचा, फिल्म्स. एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासले जातात. काहीच नाही लागलं तर एंटर, त्यात एन, आर आणि पहिल्या जागेचा ई. तेही नाही तर टाइट उरला. पाचव्या प्रयत्नात उत्तर हमखास. नातीने हे मला शिकवलं आणि म्हणाली, आबा, एक प्रयत्न वाया घालवायला शिका. आमच्या पिढीला हेच जमत नाही. आणि त्या शब्दांमधे उच्चारात जी नाही एच नाही, तरी खिळे दोन लागायचे, मालकाला पैसे पडायचे, तो राग माझा अजून गेलेला नाही.

स्वर नसलेले शब्द हा दुसरा चकवा. निम्फ, क्रिप्ट, ट्रिस्ट, लिम्फ. ए-ई-आय-ओ-यू पाचही करडे आले की पोरं घाबरतात, पण वाय बसलेला असतो ना आत. आणि क्यू च्या मागे यू आलाच पाहिजे असं आपल्याला शाळेत घोकून घेतलं, तर स्क्रॅबल या सोंगट्यांच्या शब्दखेळाच्या अधिकृत यादीत क्यू च्या मागे यू नसलेले पाच लेटरी शब्द बघा कुठले आहेत. बुरखा, तलाक, फकीर. बी-यू-आर-क्यू-ए, टी-ए-एल-ए-क्यू, एफ-ए-क्यू-आय-आर. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी हे जरा बघावं. त्याच यादीत धोतर हिंदीतल्या धोतीच्या रूपात आहे, धोबी आहे, लाठी आहे, क्रोर म्हणजे आपले कोटी आहेत, रुपी आहे, बंद सुद्धा आहे, बी-ए-एन-डी-एच, मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. आपल्या इकडचेच शब्द सूटबूट घालून परत आलेत आणि आपण त्यांना दारातून हाकलतोय.

नातीने अजून एक सांगितलं ते मला फार आवडलं. डोनाल्ड क्नूथ म्हणून अमेरिकेतले मोठे कॉम्प्युटरचे प्रोफेसर, त्यांनी इंग्रजीतले पाच लेटरचे ५,७५७ शब्द जमवले, आणि एक लेटर बदलून दुसरा शब्द होतो का ते बघत सगळ्यांची जाळी विणली. त्यात ६७१ शब्द असे निघाले की ज्यांना शेजारीच नाही, कुठलंही एक लेटर बदला, शब्द होत नाही. आणि अलूफ, म्हणजे अलिप्त, हा शब्द स्वतःच त्यातला. पण मला त्याहून आवडलं ते वेगळंच. याच माणसाने १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची नवीन पद्धतीची प्रुफं बघितली, ती इतकी बेंगरूळ दिसली की चिडून त्याने पानं जुळवायचा स्वतःचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला, टेक. आज गणिताची पुस्तकं त्यावर जुळवतात. म्हणजे आमच्याच धंद्यातला निघाला की हा!

आता माझी खरी तक्रार, आणि ती तुमच्यावर थोडी, कॉम्प्युटरवाल्यांवर जास्त. तुम्ही त्या कोड्यावर मथळा देता, पाच अक्षरी इंग्रजी शब्द. लेटर म्हणजे अक्षर नव्हे हो. परळ इंग्रजीत पाच लेटरांचं, मराठीत तीन अक्षरांचं. ठाणे मराठीत दोनच अक्षरी. लेटर म्हणजे फार तर वर्ण म्हणा. अक्षर म्हणजे व्यंजन, स्वर, काना-मात्रा-वेलांटी सगळं मिळून तोंडातून एका झटक्यात निघतं ते. हा नुसता शब्दच्छल नाही, यावरच तर सगळं अडलेलं आहे. कारण त्या गृहस्थांचं दुसरं म्हणणं की मराठीत असंच कोडं द्या, ते मला शंभर टक्के मान्य, फक्त असंच नको. नातीने मला एक मराठी ॲप उतरवून दिलं होतं, तसंच पाच घरांचं. त्यात काय चुकलं ते ऐका.

आमच्याकडे लग्नपत्रिका यायच्या त्यात चि. सौ. कां. ज्योत्स्ना हे नाव आलं की कंपोझिटर कपाळावर हात मारून घ्यायचा. अर्धा ज, या, मात्रा, अर्धा त, अर्धा स, ना, असे सहा-सात तुकडे चिमट्याने बसवायचे आणि एक जरी तुकडा छपाईत हलला तर मुलीच्या बापाचा फोन. इंग्रजीला दोन केसेस पुरायच्या तिथे मराठीला आमच्याकडे चार मांडलेल्या, कंपोझिटर मधे उभा आणि हात चारी दिशांना. अ ला काना-मात्रा लावून अि, अी, अु लिहा, खिळे वाचतील असं सावरकरांनी लिपी सुधारताना सुचवलं होतं, ते काही टिकलं नाही, पण का सुचवलं असेल ते आम्हाला पाठदुखीने कळायचं. तर हे ज्योत्स्ना नाव बोलायला किती अक्षरं? दोन. ज्यो आणि त्स्ना. खिळे सहा-सात. आणि कॉम्प्युटर त्याला किती मोजतो माहितीये? दहा. ज, मग पाय मोडायची खूण, य, ओकार, त, परत खूण, स, परत खूण, न, काना. युनिकोडमधे प्रत्येकाला वेगळा नंबर. एकच नाव आणि मापं तीन. त्या ॲपने पुस्तक या शब्दाचे सहा तुकडे मोजले, आणि शब्द लांब झाला म्हणून मला लाल फुली दाखवली. पुस्तक! पु, स्त, क. चौथीतलं पोर सांगेल तीन.

इंग्रजीत ही भानगडच नाही. बोलायचं लेटर एक, खिळा एक, कॉम्प्युटरचा नंबर एक, कोड्यातलं घर एक. चारही मापं जुळतात म्हणून तो खेळ तिथे अंगासरशी बसतो. स्क्रॅबल काढणारे आल्फ्रेड बट्स, तेही मूळचे आर्किटेक्ट, मंदीत नोकरी गेलेली, त्यांनी पेपरचं पहिलं पान घेऊन लेटरं मोजली आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या, शंभरात बारा ई, आणि अनेकवचनं करून कुणी फुकटचे गुण घेऊ नये म्हणून एस मुद्दाम चारच. मलाही वाटलं आपणही बसूया तुमचं पहिलं पान घेऊन. पेन्सिल घेतली, चष्मा पुसला, पहिल्याच मथळ्यात मुख्यमंत्र्यांच्या शेवटी येऊन थांबलो. त्र्यां हे एक मोजू, का त आणि र आणि य वेगळे मोजू, आणि डोक्यावरचं टिंब कुणाच्या खात्यात टाकू? दुसरा कॉलम येईपर्यंत पान सोडून दिलं, त्यावर बायकोने मेथी निवडली.

पण आपल्याकडे माप नाही असं नाही. माप कधीच ठरलेलं आहे. भेंड्या खेळताना शेवटचं अक्षर कसं धरतो आपण? अक्षरच धरतो. कमळ म्हटलं की समोरच्याला ळ, आणि ळ वरून गाणं नाही म्हणून तो ओरडतो ळ चा ल द्या, ल द्या. तुमच्याच पेपरातलं शब्दकोडं बघा, वर्षानुवर्षं जोडाक्षर एका घरात बसतंय, स्त्री एका घरात मावते, कधी कुणी तक्रार केलीये? मग मोबाईलवर आल्याबरोबर काय झालं!

म्हणून माझं सुचवणं असं की इंग्रजी कोडं राहू दे आणि त्याच्या शेजारी मराठी सुरू करा, पण घरं अक्षराची. पाचाचा हट्ट नको, मराठीला चार बरी पडतात, वडापाव, कोथिंबीर, पाणीपुरी. मिसळपावला पाच लागतात, रविवारचं मोठं कोडं ठेवा. आणि हिरवा-पिवळा या दोन रंगांवर भागणार नाही. चौतीस व्यंजनं आणि बारा खड्या धरल्या तरी चारशे आठ अक्षरं होतात, त्यात जोडाक्षरं धरलेलीच नाहीत, नेमकं अक्षर लागणार कधी? तिसरा रंग पाहिजे, निळा घ्या, व्यंजन बरोबर पण काना-मात्रा चुकली याचा. उत्तर वडापाव आहे आणि मी वाटाघाटी टाकलं तर पहिल्या घरात निळा, की व आहे पण काना नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी निळा. अर्धी मुंबई निळी होईल, मला माहितीये, माझ्यासकट. आणि प्रत्यय लावलेले शब्द घेऊ नका, नाहीतर घरातून, घरातला, घरातली, घरापाशी करत लोक वेडे होतील, शब्दकोशात जसा असेल तसाच. यादी निवडायला मात्र माणूस बसवा, कॉम्प्युटर नको. कुणी मिळत नसेल तर मी बसतो, दुपारी मोकळाच असतो, चहा दिलात तर बास.

आणि त्या मथळ्यातलं अक्षरी काढून टाका तेवढं. पाच लेटरी म्हणा, लोकांना समजतं.

कळावे, लोभ असावा,
एक निवृत्त कंपोझिटर, परळ

ता. क. हे पत्र नातीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली आबा, तुम्ही हार्बर विसरलात, वाशी आणि नेरूळ दोन्ही पाच लेटरची आहेत. मी म्हटलं मग शिवडी? आर नंतर एक आय आहे की दोन ई, यावर आमचं एकमत झालं नाही. ती म्हणाली परवा येताना कुर्ल्याला गाडी बदलून बोर्ड बघून येते.